देवस्थळी आजींचा रविवारचा फोन

लखनौ, ६ जानेवारी २०२६

ती. विभाताईस माणिकचा वाकून नमस्कार.

चारबागच्या हॉटेलात मन रमेना, सोडलं. हो, परत. आता विकास नगरला वृद्धाश्रमात कामाला आहे. राहणं इथंच, मोबाइल आश्रम चालवणाऱ्या मॅडमच्या कपाटात, म्हणून हे पत्र.

इथं आपल्याकडच्या, मराठी, देवस्थळी आजी आहेत. नवरा एअरफोर्सात होता. माझ्याशी भरभरून मराठी बोलतात, पण रविवारी नाशिकहून लेकीचा फोन आला की हिंदीत, सब बढ़िया है, बस. मी म्हटलं, आजी पक्क्या लखनवी झाल्या. फोन मॅडमच धरून बसतात.

मॅडम कडक आहेत. कुणी हट्ट केला की तीन दिवस त्याच्याशी कुणी बोलायचं नाही. मीही ताट ठेवून गुमान निघतो. पण मारहाण नाही हां, जेवणही गरम.

माया आहे तेवढी राहू दे.
तुझा माणिक

विटा, १५ जानेवारी

चि. माणिकला आशीर्वाद आणि एक टपली.

पोटच्या लेकीशी आई परक्या भाषेत का बोलेल रे? शेजारी बसलेल्याला कळावं म्हणून. आणि तो अबोला. लग्नानंतर सासूबाईंनी माझ्याशी महिनाभर धरला होता. हात कुणी उगारला नाही, पण मी म्हशीशी बोलायला लागले होते. तुझं ते ‘मीही ताट ठेवून निघतो’ मला गिळवलं नाही. आजी एकट्या असताना विचार.

जपून राहा, पण गप्प राहू नकोस.
तुझी ताई

लखनौ, २ फेब्रुवारी

ती. ताईस नमस्कार.

विचारलं. आजींनी आधी दाराकडे बघितलं. सुरुवातीला त्यांनी फोनवर मराठीत घरी ने म्हटलं, तर पाच दिवस अबोला. लेकीनंच लाड करू नका सांगितलंय, असं मॅडम म्हणाल्या. पाचव्या दिवशी आजींनी माफी मागितली. कशाची, ते त्यांनाही माहीत नव्हतं.

लेकीचा नंबर त्यांना पाठ होता. निशातगंजच्या दुकानातून मी ऋताताईंना फोन लावला. त्या म्हणाल्या, आई रागावून तुटक बोलते असंच वाटायचं. शुक्रवारी न कळवता आल्या, पोलिसांत तक्रार दिली, आजींना घेऊन गेल्या. निघताना मी आजींचे पाय धरले.

माझी नोकरी गेली. पण समोरच्या खोलीतल्या तिवारी मास्तरांचा अबोल्याचा दुसरा दिवस होता. सामान उचलण्याआधी तासभर त्यांच्या खाटेवर बसून काहीबाही बोललो. त्यांनी माझी बाही सोडलीच नाही.

म्हणून लखनौ सोडत नाही. रविवारी त्यांना भेटायला जाणार. तक्रारीमुळे गेटवर आता अडवणार नाहीत. पण भेटायला येणाऱ्यांच्या वहीत नातं लिहावं लागतं. काय लिहू, ते लवकर कळव.

तुझा माणिक