तिसरं बटण

४ मार्च

चि. चिमीस, अनेक आशीर्वाद.

१७ मार्चला, रविवारी, आजोबांच्या पुतळ्याचं अनावरण. पोलिसांना ओळख पटू नये म्हणून ते कॅमेऱ्यासमोर कधी उभेच राहिले नाहीत, त्यामुळे फोटो मिळेना. शेवटी आईच्या ट्रंकेत एक सापडला, कोटातला, ऐटबाज. समितीचा अध्यक्ष या नात्याने मी तोच शिल्पकाराला दिला. पुतळ्याचं चित्र सोबत पाठवतोय. तू आजोबांची कात्री घेऊन ये, काचेच्या कपाटात ठेवायची आहे. आणि जरा बऱ्या कपड्यांत ये, शिंपीणबाई! मंत्री येणार आहेत.

माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा दादा

७ मार्च

ती. दादास, सा. न. वि. वि.

चित्र पाहिलं. शिल्पकार प्रामाणिक निघाला, कोटाचं तिसरं बटण त्याने वेगळंच घडवलंय. तू मात्र डोळे असून आंधळा. दादा, हे आजोबा नव्हेत. हा त्यांचा धाकटा भाऊ.

इंग्रज सरकारचे गणवेश शिवायचे नाहीत म्हणून आजोबा गावातल्या सगळ्या शिंप्यांना घेऊन उठले, त्याच्या थोडं आधीची गोष्ट. भावाचा कोट शिवताना एक बटण कमी पडलं, तर त्यांनी स्वतःच्या सदऱ्याचं काढून लावलं. तोच कोट घालून हा गृहस्थ कोर्टात गेला, सख्ख्या भावाविरुद्ध साक्ष दिली आणि येता येता फोटो काढून घेतला. आजोबा सहा वर्षं तुरुंगात. सदऱ्यावरची बटणाची जागा त्यांनी पुढे कधीच भरली नाही. आजी काजं करता करता हे सांगायची, तेव्हा तू क्रिकेटला पळायचास.

अनावरण थांबव. तुझ्यावरचा जीव अजून आहे म्हणून विनवतेय.

चिमी

९ मार्च

चि. चिमीस, आशीर्वाद.

राईचा पर्वत करू नकोस. भाऊभाऊच ते, नाक तर एकच. पुतळा ओतून झालाय, पत्रिका वाटून झाल्यात. खरं सांगू? चेहरा पुढाऱ्याला शोभतो. आजोबा किडकिडीत होते, पाठीत वाकलेले. निवडणूक तोंडावर आहे, मला तिकीट मिळायचंय. घरातलं घरात ठेव. कात्री मात्र आण.

तुझं भलं चिंतणारा,
दादा

१० मार्च

ती. दादास, नमस्कार. साष्टांग या वेळी गाळलाय, कंबर दुखते म्हणून नव्हे.

तुझं पत्र वाचून आधी रडले, मग संतापले, आता नुसती किळस येते. तिकिटासाठी आजोबांना विकणारा नातू पाहायला आजी उरली नाही, हे बरंच झालं. पण पूर्वज तू अगदी स्वतःच्या मापाचा निवडलास. पुतळा राहू दे, तुला शोभतो. फक्त खालचं आजोबांचं नाव रविवारच्या आत काढ. नाहीतर पहिल्या रांगेतून उठून मी ती साक्ष मंत्र्यांसमोर मोठ्याने वाचेन. कोर्टाची नक्कल आजीने जपून ठेवली होती.

कात्री मिळणार नाही. उद्या शाळेचे चाळीस सदरे बेतायचेत, आणि तिची धार अजून आहे.

बहिणीची माया हवी असेल, तर छिन्नी घेऊन पुतळ्यापाशी जा.

तुझी शिंपीणबाई