दात नसलेल्या कुळाची गोष्ट

आये, माझ्या पुस्तकाची मुद्रितं टेबलावर पडली आहेत आणि ऋणनिर्देशाच्या पानावर एका ओळीची जागा रिकामी आहे. शंखाचा त्याग केलेल्या समुद्री गोगलगायींची कुळं शरीररचनेवरून कशी ओळखावीत, हा पुस्तकाचा विषय. ती ओळ तुझी आहे. ती लिहावी की नाही, एवढ्याचसाठी आज तुझ्याशी बोलते आहे.

साठ सालाच्या आगेमागे मी कॉलेजातून उन्हाळ्याच्या सुट्टीत मालवणला यायचे. सुकतीची, म्हणजे ओहोटीची, वेळ साधून आपण दोघी किनाऱ्यावरच्या खडपात, त्या कातळांत उतरायचो. तू कोयतीने कालवं काढायचीस, मी डबक्यांवर वाकायचे. अजूनही डोळे मिटले की ते पाणी दिसतं, इतकं निवळ की आहे की नाही असं वाटावं. त्यात बोटाएवढा एक जीव सरकतो आहे, पाठीवर कल्ल्यांचं फूल उमलतं, मिटतं. याच्या पूर्वजांना शंख होता. आजही अंड्यातून बाहेर पडलेलं पिल्लू काही दिवस इवलासा शंख वागवतं आणि मग तो टाकून देतं. हे तुला सांगितलं तेव्हा तू हातातलं कालव तसंच धरून पाण्यावर वाकलीस.

त्यातल्या एका वर्षी मी या गोगलगायींचे दोन प्रकार घरी आणले. दोन्ही मऊ, लांबट, दोघांच्या पाठीवर तेच फूल; म्हणून मी वहीत त्यांना एकाच कुळात घातलं. त्यांचं खाद्य असलेला स्पंज चिकटलेल्या दोन दगडांसह दोघांना समुद्राच्या पाण्याने भरलेल्या दोन परातींत ठेवलं. तिसऱ्या दिवशी सकाळी तू आदाळ्यावर, आपल्या विळीवर, बांगडे कापत होतीस. माशाचं पोट उघडता उघडता थांबलीस आणि परातींकडे वळलीस.

"ह्यो दोगी भयनी नाय गो."

"कशावरून?"

"ही खरवडून खाता, ही चोखता. दगड बघ मगे. हिका दात नसतले. म्हातारो पेज पिता, तशी."

एका दगडावरच्या स्पंजावर ओरखडे होते, दुसऱ्यावर नुसते मऊ खळगे. तरी मला राग आला. पदवीच्या परीक्षेत पहिली आलेली मी. "आये, हे शास्त्र आहे. मासळीबाजार नव्हे," असं मी प्रमाण मराठीत म्हणाले, तोवर घरात मी तसं कधीच बोलले नव्हते.

"बरां," तू म्हणालीस. "मगे तुझ्या शास्त्राक सांग, आधी जेवताना बघ, मगे नाव ठेव." आणि पुन्हा बांगडा हातात घेतलास. हसलीससुद्धा नाहीस.

सुट्टी संपल्यावर स्पिरिटात घालून नेलेल्या त्या दोघींचं मी कॉलेजात विच्छेदन केलं. पहिलीच्या मुखात दातांच्या ओळींची नाजूक पट्टी होती. सूक्ष्मदर्शकाखाली ती झळाळली. दुसरीच्या मुखात काहीच नव्हतं, नुसती चोखणारी नळी. मी दोनदा, तीनदा पाहिलं. पाठीवरचं फूल दोघींना फार दूरच्या पूर्वजाकडून आलेलं होतं, त्याने कूळ ठरत नव्हतं. कुळं वेगळी होती. त्या रात्री वसतिगृहात मला झोप लागली नाही. आनंदाने नव्हे. तुला पत्र लिहायला हवं होतं. शेजारणीकडून वाचून घेतलं असतंस. मी लिहिलं नाही. शोधनिबंधात मात्र छापलं, 'भक्षणाच्या खुणांवरून लेखिकेच्या लक्षात आले.' पुढच्या सुट्टीत तू विचारलंस, "त्या दोघींचा काय झाला गो?" मी म्हणाले, "काम चालू आहे." तुझ्या हयातीत ते चालूच राहिलं.

त्यानंतर मी पुष्कळ शिकवलं, पुष्कळ वर्गीकरण केलं, पण ते सगळं इतरांनी घालून दिलेल्या वाटेने. वाट सोडून पाहिलेली गोष्ट एकच, आणि विद्यार्थी माझं नाव घेतात ते तिच्यासाठीच.

सुरुवातीला म्हणाले, ओळ लिहावी की नाही हे ठरवायचं आहे. ते खरं नाही, आये. टेबलावर आहे ती नक्कलप्रत. मूळ मुद्रितं मी काल सकाळीच तपासून परत पाठवली. ती जागा रिकामीच ठेवून.