गार पेटीतून आलेलं रक्त

बाई,

परळच्या हॉस्पिटलातल्या आपल्या लॅबमध्ये ही एक तपासणी तुम्ही कुणावर सोपवायचा नाहीत. वॉर्डातून रक्त स्वतः आणायचात, कोमट पाण्याच्या थर्मासमध्ये नळी ठेवून. जिन्यात कुणी हाक मारली तरी थांबायचा नाहीत. काही जणांच्या लाळेच्या आणि अश्रूंच्या ग्रंथींवर स्वतःचंच शरीर उलटतं. त्यांतल्या थोड्यांच्या रक्तात रक्तवाहिन्या आणि नसा बिघडवणारं एक विकृत प्रथिन असतं. रक्त गार झालं की ते गोठतं, पेशींबरोबर तळाशी जातं, फेकलं जातं, आणि वरचा स्वच्छ द्रव तपासून आपण आजारी माणसाला निर्दोष ठरवतो. एकदा मी अशीच नळी टेबलावर ठेवून चहाला बसले होते. "तुझा चहा गार झाला तर दुसरा मिळेल. ऊठ," एवढंच म्हणालात. मला आठवडाभर तुमचा राग होता.

आता मी लोअर परळच्या एका चकचकीत लॅबमध्ये रिपोर्टवर सह्या करते. रिसेप्शनला कॉफीचं मशीन आहे आणि रक्त मात्र सरसकट बर्फाच्या पेटीतून येतं. दोन महिन्यांपूर्वी घोडपदेवच्या एका मावशींचं तसंच आलं. नळी हाताला गार लागली. मला कळलं होतं, बाई. पण पुन्हा रक्त मागवायचं म्हणजे मॅनेजरची कटकट, आणि माझी जेवायची वेळ झालेली. 'आढळले नाही' लिहिलं आणि डबा उघडला. त्या सहीची मला शिसारी येते, आणि त्या दिवशी मी पोटभर जेवले याची जास्त.

तो रिपोर्ट बघून डॉक्टरांनी पुढचा तपास थांबवला. सोमवारी मावशी स्वतः आल्या, पाण्याची बाटली घेऊन, एक पाय फरफटत, नडग्यांवर जांभळे ठिपके. "मॅडम, रिपोर्ट चांगला आलेला ना? मग ह्यो पाय का उचलत नाय?"

रक्त मी घेतलं, पेशी वेगळ्या होईपर्यंत कोमट ठेवलं, आणि मगच वरचा द्रव फ्रिजमध्ये ठेवला. आज त्या नळीच्या तळाशी पांढरा साका बसलाय, तेच प्रथिन. डॉक्टरांना लगेच कळवलं. उपचार सुरू होतील. पाय पूर्वीसारखा होईल असं ते म्हणाले नाहीत.

मावशींना मी फोनवर सांगितलं, मागच्या वेळी मशीन बिघडलं होतं. "असू दे, मशीनच ती," त्या म्हणाल्या, "तुमी नका वाईट वाटून घेऊ."

तुम्ही जाऊन बारा वर्षं झाली म्हणून एवढं तरी लिहवलं. हयात असतात तर तुम्हालाही मी मशीनच सांगितलं असतं.