ढेकूण तपासणी, खोली नंबर एक ते तीन

२ एप्रिल, सकाळी ८
रोजनिशी लिहायला फार उशीर झाला, त्याबद्दल माफी. जानेवारीत दोन पानं लिहिली, मग चष्मा सापडेना. चष्मा सापडला तेव्हा वही सापडेना. शिवाय कामाचा व्याप. तळ्याकाठचं हे घर मुलीचं आणि जावयांचं. तीन खोल्या सुट्टीवर येणाऱ्या पाहुण्यांना भाड्याने देतो, मागची चौथी माझी. मॅनेजमेंट पूर्ण माझ्याकडे.
आज दोन नंबरचं जोडपं एक दिवस आधीच निघालं. बाईंनी दंड दाखवला, ओळीने लाल गांधी उठलेल्या. मी म्हटलं, तळ्याचे डास. त्यांनी पेल्यात धरून ठेवलेला ढेकूण दाखवला. मी म्हटलं, तुमच्या बॅगेतून आला असेल. नवरा म्हणाला, काका, मग तुम्हीच सांभाळा, आणि पेला माझ्या हातात देऊन गेला.

त्याच दिवशी, दुपारी
इंटरनेटवर एकच तारा दिला त्यांनी. मुलीचा फोन. बाबा, पेस्ट कंट्रोलवाल्याला आजच बोलवा. वीस तारखेला अकरा माणसांचं बुकिंग आहे, अख्खं घर. ते बिघडलं तर घर एखाद्या कंपनीला चालवायला देऊ आणि तुम्ही आमच्याकडे या. प्रेमाने म्हणाली. पण इथे मी मॅनेजर आहे. तिथे मी पाहुणा, आणि तोही परत न जाणारा.
बोलावतो म्हणालो.

३ एप्रिल
बोलावलं नाही. विचारांती. तो घर आठवडाभर बंद ठेवायला सांगतो म्हणे. रोगापेक्षा इलाज भारी. शाळा सातवीत सुटली, पण ढेकणांचा अभ्यास मी घरीच पूर्ण केला आहे. गाद्या उन्हात घातल्या, पलंगाच्या फटींत उकळतं पाणी ओतलं. हात भाजला. थोडा.
सफाईच्या ताई म्हणाल्या, आजोबा, एकदा तुमच्या खोलीत बघू का. मी म्हटलं, माझ्या खोलीत ढेकूण असते तर मला चावले नसते का? झाडू घेऊन निघून गेल्या. मुद्दा बिनतोड होता.

४ एप्रिल, सकाळी ७
तपासणी झाली. पाहुणे गेले की त्या खोलीत एक रात्र मी स्वतः झोपतो. दोन वर्षं नेमाने. मोठमोठ्या हॉटेलांत मॅनेजर एवढं करत नसतील. परक्या पांघरुणात झोप लागत नाही, म्हणून उशी आणि रजई माझीच नेतो. सकाळी अंगावर एक डाग नाही. दोन नंबर साफ.
इंटरनेटवर बाईंना उत्तर टाकलं: खोलीत मी स्वतः झोपलो, ढेकूण नाहीत, पुढच्या प्रवासात बॅग झटकून घ्यावी. सौजन्य सोडलं नाही.

९ एप्रिल
एक नंबरमधल्या दोघी मैत्रिणी पहाटेच निघून गेल्या. एकीने उशीवर चिठ्ठी ठेवली आहे. ती इथे उतरवत नाही.
एक नंबर मी गेल्याच महिन्यात तपासला होता. गंमत आहे. मी ज्या खोलीत झोपतो, तिथेच नंतर ढेकूण निघतात. कोणीतरी मागावर आहे. समोरच्या लॉजवाल्याचा संशय येतो. हल्ली फार हसून नमस्कार करतो.

११ एप्रिल
काल एक नंबरात झोपलो, साफ. आज तीन नंबर. कंबर धरली आहे, पण कर्तव्य.

१४ एप्रिल
तीन नंबरमध्येही निघाले. मुलीचा फोन. बोलावलं का? मी म्हटलं, प्रक्रिया सुरू आहे. डांबराच्या गोळ्यांचे चार डबे आणून गाद्यांखाली पसरले. ताई म्हणाल्या, आजोबा, आता पाहुण्यांना पळवायला ढेकणांची गरज नाही.
या बाईला मॅनेजमेंट कळत नाही.

१७ एप्रिल, संध्याकाळ
मुलगी आणि जावई न सांगता आले. बरोबर पेस्ट कंट्रोलवाला. विश्वास म्हणून काही राहिला नाही.
त्याने तिन्ही खोल्या पाच-पाच मिनिटांत उरकल्या. माझ्या खोलीत अर्धा तास. खाटेची फळी उचलली आणि सगळ्यांना बोलावलं. म्हणाला, कारखाना इथे आहे. बाकीच्या खोल्या नुसत्या शाखा.
मुलीने विचारलं, मग बाबांना चावत कसे नाहीत? तो म्हणाला, चावतात की, रोज. या वयात पुष्कळांच्या अंगावर उठत नाही. मग त्याने रजई उलटी करून शिवण दाखवली आणि विचारलं, ही खोल्याखोल्यांतून कोण फिरवतं?
ताई म्हणाल्या, मॅनेजर.
मी म्हटलं, ढेकणासंगे हिरा भंगे म्हणतात ते उगाच नाही. जावई म्हणाले, बाबा, यात हिरा कोण?
माणूस दमला की असं बोलतो.

२० एप्रिल
अकराही माणसं समोरच्या लॉजमध्ये उतरली. मुलीनेच फोन करून त्यांना खरं सांगितलं. माझ्यावर ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. माझी खाट, उशी, रजई मागच्या अंगणात जाळली. कंपनीचे दोघे येऊन घर बघून गेले. मी हजर होतो. मला काही विचारलं नाही.

२६ एप्रिल, मुलीकडे
आल्याबरोबर दारातच कपडे काढून घेतले, गरम पाण्यात टाकले. माझी जागा हॉलमधल्या सोफ्यावर. तशी ऐसपैस, कारण त्यावर दुसरं कोणी बसत नाही. नात स्वयंपाकघरातून माझ्याशी गप्पा मारते. गोड पोरगी. मुलगी म्हणते, बाबा, थोडे दिवस. कशाचे थोडे, ते विचारायचं धाडस झालं नाही.
आज ताईंना मेसेज लिहिला. किल्ल्या सध्या त्यांच्याकडे आहेत. ताई, कंपनीच्या साहेबांना माझा नंबर द्या. औषध मारून झालं की प्रत्येक खोलीत एक रात्र झोपून बघायला माणूस लागेल. अनुभव दोन वर्षांचा. रजई आणणार नाही. त्यांनी दिलेल्या चादरीवर झोपेन. हो की नाही, काय असेल ते, पण लवकर कळवा.