गाढवाचा डावा डोळा

४ फेब्रुवारी

प्रिय धाकटे,

अनेक आशीर्वाद. तुझं पत्र मंगळवारी पोचलं. पाकिटावर तू अजून आमचा जुना जिना लिहितेस. पोस्टमन ओळखीचा म्हणून वर आणून दिलं.

इकडे सगळं ठीक. तुझ्या भावोजींचा गुडघा सकाळी दुखतो आणि दुपारी विसरतो. मुलगा आणि सून आपापल्या कामात. मी आठवड्यातले तीन दिवस रंगाच्या दुकानात जाते. लोक उशीचा अभ्रा घेऊन येतात आणि म्हणतात, भिंतीला हाच रंग हवा. मी मिसळून देते. बहुतेकांना पटतो.

आपल्या गाढवावर त्या मालिकेने एक अख्खा भाग केला, हे वाचलं. आजकालच्या कार्टूनवाल्यांना आपलं जुनं कार्टून आठवतं, हेच खूप झालं. तुझं अभिनंदन. मला अजून बघायला जमलेलं नाही. टीव्ही मुलाच्या खोलीत असतो.

गाढवाच्या त्या रंगवलेल्या सेलचं म्हणशील तर माझ्याकडे काही नाही. तेव्हा सेल धुऊन पुन्हा वापरायचे, तुला ठाऊक आहे. आणि त्या लोकांना सात आणि आठ नंबरच कशाला हवेत? भिंतीवर लावायला कुठलेही दोन चालतील. गाढव ते गाढव.

भावोजी म्हणाले, "तिला लिही, आमच्याकडे एक जिवंत आहे, चौकटीत बसवून पाठवू का?" ते स्वतःबद्दल बोलत होते, असं मी धरते.

थंडी आहे. कान बांधत जा.

तुझी
ताई

•

१९ फेब्रुवारी

प्रिय धाकटे,

आशीर्वाद. "ताई, तू पाहिलं नाहीस हे मला पटत नाही," असं तू लिहिलंस.

पाहिलं होतं. मागचं पत्र लिहायला बसले त्याच्या आदल्या दिवशीच पाहिलं होतं.

परवा दुपारी सुनेबरोबर पुन्हा पाहिलं. तिला ती मालिका पाठ आहे. पाच माणसांचं घर, बाप लिफ्ट दुरुस्त करणारा, आई तोंडाची फटकळ, वर्षानुवर्षं कोणी म्हातारं होत नाही. सून म्हणाली, "एरवी हे लोक नुसते एकमेकांना टोमणे मारतात. या भागात बघा, आई, कसे गप्प होतात."

झाले खरे. बाप अडगळीतला जुना टीव्ही उघडतो, आत पडतो आणि आपल्या रस्त्यावर उभा राहतो. तीन झाडं, पाण्याची टाकी. चालायला लागतो. तीन झाडं, टाकी. पुन्हा तीन झाडं. "अरे, ही टाकी मघाशीच गेली की!" म्हणतो. मला हसू आलं. लांब रस्ता रंगवायला आपल्याला वेळ नसायचा म्हणून एकच तुकडा फिरवायचो. ते त्यांनी बरोबर पकडलं. मग मागून टपालाची पिशवी पाठीवर घेऊन आपलं गाढव येतं, आणि चालता चालता डावा डोळा मिटतं. लिफ्टवाला बाप बघतच राहतो. म्हणतो, "मी सहा वर्षांचा होतो तेव्हा हे फक्त मला डोळा मारायचं."

सून रडली. कार्टून बघून रडणारी बाई मी प्रथमच पाहिली.

आता चुका सांगते. करडा चुकला आहे. आपल्या करड्यात चिमूटभर जांभळा होता. तो मी घालायचे, रंगाच्या टेबलावर देखरेख करणाऱ्या बाईंना न सांगता. यांचं गाढव सिमेंटचं वाटतं. आणि डोळा फार वेळ मिटलेला ठेवला आहे, सगळ्यांना दिसावा म्हणून. आपला पटकन मिटून उघडायचा. पाहणाऱ्याला वाटायचं, हा आपल्यालाच दिसला. हे तू त्यांना सांगायला हवं होतंस. तुला सल्ल्याला बोलावलं होतं ना?

शेवटी काळी पाटी येते. तिच्यावर तुझ्या एकटीचं नाव. खाली लिहिलं आहे, "जिच्यामुळे हा डोळा मिटला, तिला."

"मावशींचं नाव!" सून ओरडली. "आई, तुम्हीही तिथेच होतात ना?"

"होते."

"मग तुमचं कुठे आहे?"

"माझे दोन्ही डोळे उघडे असायचे," म्हटलं. ती हसली आणि चहा टाकायला उठली.

तिला सेल म्हणजे काय तेही माहीत नव्हतं. म्हटलं, काचेसारखा आरपार कागद ग. पुढून शाईची रेघ, मागून रंग. पुढून रंग लावला तर रेघ बुजते, म्हणून मागून. एका वेळी एक चित्र, अशी हजारो. ती म्हणाली, "आणि कुठलं कोणी रंगवलं ते कसं कळायचं?" मग तिला ठिपक्यांचं सांगितलं. खालच्या कोपऱ्यात, मागच्याच बाजूला, जिचा तिचा ठिपका. माझा हिरवा, तुझा निळा. कॅमेऱ्यात कोपरा यायचा नाही.

तुझी मुलाखतही वाचली. "ती चूक आमच्या टेबलावर झाली." आमच्या म्हणजे कोणाच्या, ते मुलाखत घेणाऱ्याने विचारलं नाही.

त्या टेबलावर तू आलीस तेव्हा मला तिथे सहा वर्षं झाली होती. बाईंना सांगून तुला मी लावलं. समोरासमोर बसायचो, गाढवाची एकच चाल निम्मी निम्मी रंगवायचो. वर्षभरात गाढवाची चित्रं काढणाऱ्या मास्तरांनी रद्दी कागदावरची तुझी रेघ पाहिली आणि तुला आत, चित्रं काढायच्या टेबलाशी बसवायला लागले, रोज दुपारी तासभर. माझी चित्रं मीही त्यांना एकदा दाखवली होती. सगळी वही शेवटपर्यंत पाहून ते म्हणाले होते, "रंग फार छान भरतेस तू."

मग तो दिवस. पहिल्यांदा पडद्यावर लावून बघत होतो आणि गाढवाने डोळा मिटला. कोणी हसलं नाही. बाईंनी सात आणि आठ नंबर काढून आणले. डोळ्याच्या पांढऱ्यात करडा भरलेला. मागे ठिपका निळा. त्यांनी दोन्ही सेल तुझ्या हातात दिले. तू ते खिडकीकडे धरून पाहिलेस, एकदा मागून, एकदा पुढून. मग म्हणालीस, "हो बाई. माझंच चुकलं."

पुन्हा रंगवून पुन्हा कॅमेऱ्याखाली घालायला दिवस उरले नव्हते. तसंच गेलं. मास्तर तुला म्हणाले, "आधी डोळे भरायला शीक, मग काढायला बस." पाच महिने तू माझ्यासमोर मान खाली घालून रंग भरलास. मग मुलांची पत्रं यायला लागली, गाढव आम्हाला डोळा मारतं म्हणून. पोतंभर. मास्तर म्हणाले, हा डोळा आता प्रत्येक भागात हवा, आणि तुला आत बोलावून घेतलं. त्यानंतर ती खुर्ची रिकामीच राहिली. मी तिच्यावर ओले सेल वाळत ठेवायचे.

चूक होती तेव्हा ती तुझी होती. कौतुक झालं तेव्हा तेही तुझंच. यात कोणाला काही बोलायला जागा नाही.

हे सगळं तुला माहीतच आहे. कशाला लिहिलं कोण जाणे. सेल पुन्हा मागू नकोस. नाहीत म्हटलं ना.

ताई

•

२ मार्च

धाकटे,

आज आशीर्वाद लिहीत नाही.

काल चौथ्यांदा पाहिलं. घरात भावोजी होते, पण ते पेपर वाचत होते, म्हणजे एकटीनेच. चित्र थांबवायचं कसं ते सुनेने शिकवलं आहे. डोळा नक्की किती वेळ मिटलेला ठेवला आहे ते मोजणार होते आणि तुला आकडा कळवणार होते, की बघ, दुपटीहून जास्त.

डोळा मिटला तिथे थांबवलं. खालच्या डाव्या कोपऱ्यात एक ठिपका होता.

एक चित्र मागे नेलं. नाही. पुढे आणलं. आहे. डोळा उघडला की ठिपका नाही, मिटला की आहे. हिरवा.

"अहो, इकडे या. इथे काय दिसतंय?"

भावोजींनी चष्मा वर केला. "डाग आहे. पडदा पूस."

पुसला. धाकटे, मी खरंच फडकं आणून पडदा पुसला.

पाटीवर नाव त्या लोकांनी घातलं असेल. ठिपका तू सांगून घातला आहेस. आपल्या कोपऱ्यांची आठवण असलेली आता दोनच माणसं आहेत, आणि मी काही सांगितलेलं नाही.

आता सांगते.

ते सेल रंगवले त्या दुपारी मास्तरांच्या खोलीचं दार उघडं होतं. काचेचं दार, तुला आठवत असेल, एरवीही सगळं दिसायचं. पण त्या दिवशी ऐकूही येत होतं. मास्तरांनी तुझ्या हातात स्वतःची पेन्सिल दिली. तू काहीतरी काढलंस आणि ते मोठ्याने हसले. मास्तर हसतात हे मला सात वर्षांत माहीत नव्हतं. माझ्यापुढे सात नंबर होता. माझी मान दाराकडे आणि हात सेलवर. हात थांबला नाही, त्याला सवय होती. डोळ्यात करडा गेला. मग आठ नंबर घेतला. त्यातही गेला. कोपऱ्यात ठिपके दिले आणि वाळत ठेवले.

चूक लक्षात आली तेव्हा कॅमेरावाला गठ्ठा न्यायला दारात उभा होता. दहा मिनिटं मागितली असती तर त्याने दिली असती. चांगला माणूस होता. मी त्याला म्हटलं, "एक मिनिट हं, ठिपके राहिलेत." आणि माझ्या दोन हिरव्या ठिपक्यांवर तुझा निळा लावला. खरवडून काढले असते तर ओरखडा दिसला असता, म्हणून वरून लावला.

मला, तुला, कोणालाही झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगितलं असतं, की सेलला पहिला लागतो तोच रंग समोरून दिसतो. वर कितीही थर द्या. रोज हेच करणारी मी. मागून निळा झाला, पुढून हिरवाच राहिला. बाईंनी मागून पाहिलं. तू दोन्हीकडून पाहिलंस.

आणि मी समजत होते, तू डोळा बघते आहेस.

बाईंनी तुला सेल दाखवले त्याच संध्याकाळी मी ते दोन्ही धुवायच्या ढिगातून काढले आणि पिशवीत टाकले. आपण बरोबरच घरी निघालो. वाटेत माझ्या चपलेचा पट्टा निघाला. "दे, पिशवी मी धरते," म्हणालीस. मी वाकून पट्टा लावला. तू पिशवी छातीशी धरून उभी होतीस. घर येईपर्यंत परत दिली नाहीस.

आत काय आहे ते तुला तेव्हाही ठाऊक होतं का? नको, सांगू नकोस.

इतकी वर्षं मला वाटायचं, ती चूक आपली, असं तू खरंच समजतेस. खोटं कशाला लिहू, कधी कधी त्याने बरं वाटायचं. तुझं नाव कुठे छापून आलं, तुझा फोटो आला, की मी मनात म्हणायचे, हिला ठाऊक नाही. तेवढी एक गोष्ट माझ्याकडे जास्त होती. काल तीही गेली.

सापडलेला चोर म्हणतो, परत देणारच होतो. माझं तसं नाही. देणार नव्हते. तू मागितलेस तेव्हा दोन्ही सेल माझ्याच खाटेखालच्या पेटीत होते आणि मी त्याच खाटेवर बसून तुला "नाहीत" असं लिहिलं.

माफी मागायला बसले होते. दोन कागद फाडले. माफीत खोट येत होती, कारण मी अजून जळते आहे. आधी त्या पेन्सिलीसाठी, मग पाटीवरच्या नावासाठी. आता यासाठी, की तुला सगळं कळलेलं असून तू अडतीस वर्षं माझ्याकडे येऊन जेवलीस, माझ्या मुलाला चित्रं काढून दिलीस, आणि एकदाही तुझा चेहरा वेगळा झाला नाही. हे मला एक दिवसही जमलं नसतं. तुझी रेघ मला आली नाही. हेही आलं नाही.

सात आणि आठ या पत्रासोबत पाठवते आहे. मध्ये पातळ कागद घातला आहे, तो हळू काढ. पोटाचा रंग तडकला आहे. डोळा शाबूत आहे. माझा जांभळाही शाबूत आहे. त्या सिमेंटवाल्यांना दाखव.

भिंतीवर लावतील तेव्हा पुढची बाजू पुढेच ठेवायला सांग. कोणी कोपऱ्याबद्दल विचारलं तर, ताईने रंगवले, असं सांग. कशामुळे, तेही सांग. अर्धं सांगू नकोस.

पाटी मात्र बदलायला लावू नकोस. वाक्य बरोबर आहे. तो डोळा तुझ्यामुळेच मिटला.

आता खाली नाव लिहीत नाही. कोपऱ्यात ठिपका ठेवला आहे. एकच थर आहे, कागद उलटून बघू नकोस.