एक कोटी रोपं आणि सोमवारचं पाणी

कसबा बावडा,
शुक्रवार

ति. आक्का,

तुझ्या पायांवर डोकं ठेवतो (सध्या ते दुसऱ्या कशाच्या उपयोगाचं राहिलेलं नाही). दाजींची कंबर कशी आहे? फोनच करणार होतो, पण आपल्या रोपवाटिकेचा फोन हल्ली तुझ्या भावजयीकडं, निशिगंधाकडं असतो. का, ते सांगतो.

गेल्या महिन्यात मी उद्योजकांच्या शिबिराला गेलतो. तिथल्या सरांनी दहा वर्षं पुढचं बघायला सांगितलं. मी बसल्या जागी बघितलं: वर्षाला उसाची एक कोटी रोपं, तीन राज्यांत शाखा. (आत्ता आपल्याकडं एकच शेडनेट आहे, तेही पूर्वेकडून फाटलेलं.) घरी येऊन भिंतीवर तक्ता लावला. बायकोनं तो वरपासून खालपर्यंत वाचला आणि म्हणाली, "एक कोटीचं ऱ्हाऊ द्या. सोमवारी काय करायचं हाय?"

मोठ्या बेताचे लहान तुकडे कसे करायचे हे सरांनी शिकवलं होतं म्हणे, पण तेव्हा मी चहाच्या रांगेत होतो. तरी माझ्या पद्धतीनं केले. दहा वर्षांचे महिने पाडले, महिन्यांचे आठवडे, आणि प्रत्येक कामापुढं जबाबदार माणसाचा रकाना. पाण्यापुढं लिहिलं, "सर्वजण". (पाणी म्हणजे धंद्याचा जीव, तो एकट्यावर कसा टाकायचा?) निशिगंधा तीन दिवस माहेरी गेली, तेवढ्यात मी कामावरच्या सगळ्या बायकांना आंब्याखाली बसवून रविवार-सोमवार तक्ता समजावला. प्रत्येकीला वाटलं, पाणी दुसरीनं घातलंय. मला काहीच वाटलं नाही, मी तेव्हा तक्त्यातल्या आठव्या वर्षात होतो. एप्रिलचं ऊन. मंगळवारी बघतो तर गडमुडशिंगीच्या जोतीराम पाटलांच्या तीस हजार रोपांनी माना टाकलेल्या. तानूबाई, आपल्याकडची सगळ्यात जुनी बाई, ट्रे हातात घेऊन शांतपणे म्हणाली, "मालक, ह्ये कुठल्या वर्षात बसतंय?"

निशिगंधा परत आली आणि ओरडली नाही. तिथंच मी घाबरलो. तिनं प्रत्येकीला सहा-सहा ओळी वाटून दिल्या, ओळीच्या टोकाला नावाची चिठ्ठी लावली, पाणी सकाळ-संध्याकाळ. मग पाटलांना फोन करून खरं ते सांगितलं: निम्मी रोपं वाचतील ती तारखेला, उरलेली नव्यानं लावून महिन्यानं. ते ऑर्डर मोडायलाच आलते. ओळी बघितल्या, चिठ्ठ्या वाचल्या आणि म्हणाले, "फोन वहिनी उचलणार असतील तर थांबतो." थांबले. काल पहिली पंधरा हजार रोपं गेलीसुद्धा.

सहा ओळी माझ्याही नावावर आहेत. तानूबाई बोट खुपसून ओल तपासते. पण आक्का, परवा सकाळी माझ्या ओळीत कोवळा हिरवा कोंब दिसला, तेव्हा एक कोटीच्या तक्त्यापेक्षा जास्त बरं वाटलं. आता लांबचं बघणं बंद.

तुझा धाकटा,
सम्राट

ता. क. तक्ता फाडला. मागची बाजू कोरी होती, तिच्यावरच हे पत्र लिहिलंय.

पुन्हा ता. क. शिबिराहून येतानाच मी रंगाऱ्याला दहा फुटी बोर्ड सांगितलता, "शाखा : बिद्री". तो तयार झालाय आणि रंगारी परत घेत नाही. सोमवारी टेम्पोनं तुझ्याकडं बिद्रीला पाठवतोय, गोठ्यामागं झाकून ठेव. निशिगंधाला बोलू नको. आणि गोठ्याशेजारचा अर्धा एकर यंदा कुणाला कसायला देऊ नको. बोर्डावर पत्ता तोच टाकलाय.