बॅटरी म्हणजे कोकरू नव्हे

माळवाडी, ता. माण
२ डिसेंबर २०२४

चि. दीक्षा, तुला आणि नागसेनरावांना जयभीम व पोटभर आशीर्वाद.

वि. वि. पत्र पाहून म्हणशील, दादांना फोन दिलाय तो कशाला? पण टेकडीच्या आडोशाला रेंज नाही, आणि आली तरी तू फोनवर रागावतेस. पत्रातला राग चार दिवस शिळा होऊन येतो, तेवढा मला पचतो.

पाळणा निम्मा झाला. क्रांतीचं बाळ जानेवारीअखेर येणार. नातीच्या बाळाचं नामकरण माझ्या हातच्या पाळण्यात व्हावं, हा बत्तीस वर्षं पोरांना कविता शिकवलेल्या म्हाताऱ्याचा हट्ट. लाकूड छान निघालंय. पण तुमच्या दुकानातलं ते बॅटरीचं ड्रिल मशीन थंडीत अगदीच आळशी झालंय. सकाळी सातला पत्र्याच्या शेडात जावं, तर चार भोकांत दम सोडतं. पहिल्या तासाला पोरं अशीच पेंगायची. बाकावर ऊन आलं की मग कविता म्हणायला तोंडं उघडायची.

शेजारच्या मेंढ्यांच्या ज्ञानूला सांगितलं, तर तो म्हणाला की आवं मास्तर, गारठलंय ते, कोकरागत उबंला ठिवा की. त्याचं कालच जन्मलेलं कोकरू माझ्याच चुलीपाशी पाटीत होतं. मी बॅटरी त्याच्या शेजारी ठेवली, वर घोंगडं पांघरलं आणि चार्जरची वायर तिथंच ओढून घेतली. मशीन शेडातून आत आणलं तर त्याच्यावर बारीक दहिवर धरलं! हरभऱ्याच्या पानावर धरतं ना, तसं. कितीतरी वेळ बघत बसलो. दोन ओळीही सुचल्या:

लोखंडाला फुटला घाम, पहाट होती गार,
चुलीजवळ ये, सांगत होते घर माझे उबदार.

मग मशीन चालवलं. जरा तडतडलं, बाकी ठीक. तुझ्या आईचा मफलर गळ्यात असतो, तेव्हा माझी काळजी नसावी.

उत्तरात चार शिव्या असल्या तरी चालतील, पण अक्षर नीट काढ.
तुझे दादा

---

सांगली
७ डिसेंबर

ती. दादा, सविनय जयभीम.

वि. वि. तुमचं पत्र मी काउंटरवर उभ्यानं वाचलं आणि समोरच्या गिऱ्हाइकाला ग्राइंडरऐवजी रिकामा खोका दिला. यावरून काय ते समजा.

दादा, बॅटरी म्हणजे कोकरू नव्हे. गारठलेली बॅटरी लगेच चार्जिंगला लावायची नसते, आणि चुलीशी तर कधीच नाही. काम झालं की ती मशीनमधून काढून घरात कोरड्या जागी ठेवायची. घरातल्या हवेत आपसूक ऊब धरते, तिला घोंगडं लागत नाही. मशीनही शेडात ठेवू नका. त्याच्यावर दहिवर धरलं तर खुशाल कविता करा, पण खटका दाबू नका. बाहेर दिसतं तेवढंच पाणी आतही जमलेलं असतं. ते तडतडणं त्याचंच होतं. पुसा आणि दोन-तीन तास तसंच राहू द्या. बॅटरी टेबलावर ठेवून बघा. डुगडुगली तर ती फुगलीय. मग तिला परत चार्जिंगला लावायची नाही. अंगणात विटेवर, कडब्यापासून लांब ठेवा. नागसेन आले की नेतील. चूल, घोंगडं, वायर आणि जिवंत कोकरू, सगळं एका पाटीत! पेटलं असतं म्हणजे? ज्ञानूला म्हणावं, मेंढ्या तू सांभाळ, मशीनचं आम्ही बघतो.

आणि तुमची ती शेवटची ओळ. मफलर. ती वाचून मला जेवण गेलं नाही. फिरत्या ड्रिलपुढं लोंबती टोकं घेऊन तुम्ही वाकता? गेल्या थंडीत कडेगावचा गुंडा मिस्त्री लोकरीचे हातमोजे घालून ड्रिल मारत होता. अंगठा गेला त्याचा. आता डाव्या हातानं सही करतो. लहानपणी मी गिरणीत दळण घेऊन निघाले की तुम्ही माझी वेणी वर बांधायला लावायचा, पट्टा ओढून घेईल म्हणून. आता तुमची वेणी कोण बांधणार?

मफलर उतरला नाही, तर नागसेन येऊन मशीन उचलून आणतील. पाळणा सांगलीत तयार मिळतो.

रागातही तुमचीच,
दीक्षा

---

माळवाडी
१३ डिसेंबर

चि. दीक्षास जयभीम आणि आशीर्वाद, जरा हातचा राखून.

वि. वि. बॅटरी डुगडुगली. ती अंगणात विटेवर बसली आहे. ज्ञानू रोज लांबूनच बघतो आणि विचारतो की मास्तर, हाय का अजून? कोकराला मात्र पाटी मोकळी झाली. मशीनबरोबर आलेली दुसरी बॅटरी पुस्तकांच्या कपाटात चौथीच्या आणि पाचवीच्या वाचनमालेमध्ये ठेवतो. तिथं कोरडं आहे, आणि संगतही चांगली. मशीन घरात असतं. ऊन अंगणात उतरल्याशिवाय कामाला हात लावत नाही. एवढं ऐकणारा विद्यार्थी मला बत्तीस वर्षांत मिळाला नाही.

मफलरचं मात्र तू बोलू नयेस. तुझ्या आईनं तो शेवटच्या थंडीत विणला. तू तिला चिडवायचीस की आईची गाठ फुंकर मारली तरी सुटते. खरंच होतं ते. गोंडे कितीदा गळाले, मी ते खिशात घालून गावभर हिंडलो आणि तिनं हसत परत बांधले. मफलर काढला की गळ्याला गारवा लागत नाही गं, मोकळं लागतं. ते मला सोसत नाही.

दोन्ही टोकं सदऱ्यात खोचतो, मग तर झालं? आणि पाळणा तयार मिळतो, असं पुन्हा लिहू नकोस. तयार मिळतो म्हणून कुणी आजोबा विकत आणत नाही.

माया आहे तेवढीच असू दे, राग थोडा कमी कर.
तुझे दादा

---

सांगली
१७ डिसेंबर

ती. दादा, जयभीम.

वि. वि. खोचलेलं टोक माणूस वाकला की बाहेर येतं. हे शाळेतल्या पोरांना तुम्ही शर्ट खोचायला लावताना रोज बघितलंय. आईची आठवण मलाही येते, पण ती माझ्या गळ्यात लोंबत नाही. मला तुमचा गळा हवाय, मफलर नको.

क्रांती रोज विचारते, आजोबांचा पाळणा कुठवर आला? तिला काय सांगू? रविवारी, २९ तारखेला, नागसेन मशीन न्यायला येतायत. ही धमकी नाही, ठरलेलं आहे.

उत्तर नाही आलं तरी चालेल, तुम्ही धड असा.
दीक्षा

---

माळवाडी
२२ डिसेंबर

चि. दीक्षा, अनेक आशीर्वाद. आज एकही हातचा राखलेला नाही.

वि. वि. काल सकाळी पाळण्याच्या खालच्या पट्टीला भोक पाडायला वाकलो. सदऱ्यातून टोक कधी निसटलं कळलं नाही. एकदम मान पुढं ओढली गेली. मशीन माझ्या हनुवटीकडं यायला लागलं की मी मशीनकडं, ते अजून समजत नाही. आणि मग एकदम मोकळं झालं. बोट खटक्यावरून सुटलं होतं, मशीन थांबलं होतं. मफलर गळ्यातच होता, फक्त गोंडा ड्रिलच्या टोकाला घट्ट गुंडाळलेला. गाठ सुटली होती. तुझ्या आईची गाठ.

दोन्ही हात धड आहेत, हे अक्षर पाहून कळेलच. गळ्यावर एक लाल ओळ आहे. मी ओसरीवर बसून राहिलो. एरवी अशा वेळी काहीतरी सुचतं. काही सुचलं नाही. ज्ञानूनं चहा करून दिला आणि म्हणाला की मास्तर, दीक्षाताईंचं ऐकत जा, आमचं ऐकू नगा. भला माणूस.

तू खरी होतीस. बॅटरी काढून मशीन खोक्यात भरून ठेवलंय, नागसेनरावांनी न्यावं. पाळण्याची चारच भोकं राहिलीत. तयारच आणा आता. गोंडा पाकिटात घातलाय, तो टाकू नकोस.

माझ्यावरचा विश्वास उडाला असेल, जीव तेवढा असू दे.
तुझे दादा

---

सांगली
२८ डिसेंबर

ती. दादा, सविनय जयभीम.

वि. वि. हे पत्र नागसेन हातोहात आणतायत. त्यांच्यासोबत नवी बॅटरी आहे आणि बंद गळ्याचा स्वेटर आहे. त्याला नाडी नाही, गोंडा नाही, लोंबणारं काहीही नाही. फुगलेली बॅटरी ते परत घेऊन येतील. मशीन मात्र नाही. ते तुमच्याकडेच राहील. चार भोकं अकराच्या उन्हात, नागसेन समोर उभे असताना पाडायची. तेवढा वेळ मफलर ज्ञानूच्या गळ्यात द्या. त्याला मशीनपासून वीस पावलं लांब उभा करा. काम झालं की परत घ्या आणि खुशाल दिवसभर घाला.

तुमचं पत्र वाचून मी दुकानाचं शटर भरदुपारी खाली ओढलं. नागसेन विचारत होते की काय झालं, तर मी पत्रच त्यांच्या हातात दिलं. इतकी वर्षं आईच्या त्या सैल गाठीवर मी किती बोलले.

गोंडा टाकलेला नाही. काउंटरच्या वर, सगळ्यांना दिसेल असा टांगलाय. मफलर घालून मशीन न्यायला कुणी आलं की आधी तो दाखवते, मग पावती करते. सकाळपासून दोनदा खाली पडला. तरी गाठ सैलच ठेवणार आहे.

पाळण्याची वाट बघणारी,
दीक्षा